दिसलं, बरं का

माझा आवाज मोठा आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच्याशीच जोडलेलं आहे. मी नारपोलीत वाढले. वडील एका यंत्रमाग कारखान्यात मेहता होते, म्हणजे आलेला माल, गेलेला माल आणि कामगारांच्या पाळ्या बघणारे. आमची खोली त्या कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून. लूम चालू असताना आईला "मीठ दे" म्हणायचं तरी छातीत हवा भरून घ्यावी लागायची. शुक्रवारी लूम बंद असत, तरी आम्ही सवयीने तसेच ओरडत बसायचो आणि बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटायचं, यांच्यात काहीतरी बिनसलंय.

आज मी भिवंडीच्या कोर्टात वकिली करते. जामीन, भाडेकरार, गोदामांचे वाद, असा माझा संसार. आणि शनिवार-रविवारी विद्यापीठाच्या विधी वर्गाला आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा शिकवते. हे ऐकून हसणारे पुष्कळ भेटतात. "भिवंडीत? आणि आंतरराष्ट्रीय?" असं एका लग्नाच्या पंगतीत कोणीतरी विचारलं, तेव्हा मी जिलेबी तशीच ठेवून त्यांना सुनावलं होतं. म्हटलं, तुम्ही मोबाइलवर बटण दाबून जी मिक्सरची भांडी मागवलीत ती कुठून निघाली, माहीत आहे का? आमच्या बायपासच्या गोदामातून. ती कुठल्या देशातून तिथे आली, हे तर मला विचारूच नका, कारण मी सांगत बसेन आणि तुमचा भात गार होईल. नवऱ्याने टेबलाखालून माझा पाय दाबला. त्याचा काही उपयोग होत नाही, हे त्यालाही आता कळलेलं आहे.

आमचा वर्ग पहिल्या मजल्यावर आहे आणि मागच्या खिडकीखाली यंत्रमागांची ओळ आहे. शहरातून येणारे बाकीचे पाहुणे प्राध्यापक खिडक्या लावून घेतात, पंखा वाढवतात आणि तरीही अर्ध्या तासात घामाघूम होऊन बसतात. मी खिडकी उघडी ठेवते. विभागप्रमुखांनी एकदा मला बोलावून अदबीने सांगितलं, "मॅडम, जरा हळू शिकवता येईल का? शेजारी फौजदारी कायदा चालू असतो. तिथल्या एका मुलाने परीक्षेत चोरीच्या प्रश्नाला जहाजाचं उत्तर लिहिलंय."

मी म्हटलं, "बरोबर लिहिलंय का?"

"म्हणजे?"

"जहाजाचं उत्तर. बरोबर असेल तर मार्क द्या बिचाऱ्याला."

शिकवायला मजा येते, खोटं कशाला बोलू. या विषयाचा गाभा एकच प्रश्न आहे: विकलेला माल वाटेत बिघडला, तर तो बिघडला कोणाचा? मी जहाजावरून सुरुवात करत नाही. मी कापडाच्या गाठी टेम्पोत चढवते, टेम्पो अंजूरफाट्याला अडकवते आणि ताडपत्री फाडते. "गाठी भिजल्या. आता नुकसान कोणाचं?" दर वर्षी कोणीतरी उत्तर देतंच, "टेम्पोवाल्याचं."

"का?"

"मॅडम, तो सापडतो ना!"

सगळा वर्ग हसतो. मग मी म्हणते की बाबांनो, समुद्रात टेम्पोवाला सापडत नाही, म्हणून हे सगळं आधी बोलून, लिहून ठेवायचं असतं. आणि भांडण झालंच तर ते कुठल्या गावात बसून मिटवायचं, तेही आधीच ठरवायचं. हा शेवटचा मुद्दा सगळ्यांना बारीकसारीक वाटतो. एका मुलीला तो वाटला नाही.

ती पहिल्या बाकावर बसायची आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघायची. इतकी, की मी दोन-तीनदा पदराने दात पुसले. दिवसा ती एका गोदामात डिस्पॅचला ड्युटी करायची, खोक्यांवरची परदेशी बंदरांची नावं वाचत. त्या नावांच्या मागे कसला कायदा असतो, हे कळून घ्यायला माझा विषय घेतला, असं तिने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. बाकीच्यांनी शनिवारी सकाळचं वेळापत्रक सोयीचं म्हणून घेतला होता, तेही त्यांनी तितक्याच प्रामाणिकपणे सांगितलं.

मग एका शनिवारी माझा घसा बसला. अगदी बसला. कोर्टात आदल्या दिवशी एका घरमालकाशी जी काही चर्चा झाली तिचा तो परिणाम. वर्गात उभी राहिले, तोंड उघडलं आणि हवेखेरीज काही बाहेर येईना. मुलं खुशीत दप्तरं आवरायला लागली. मी नुसते ओठ हलवत म्हटलं, "बसा खाली, मी मेलेली नाही अजून."

पहिल्या बाकावरून खणखणीत आवाज आला, "बसा खाली, मॅडम म्हणतात, मी मेलेली नाही अजून."

मी तिच्याकडे बघितलं. ओठांनीच विचारलं, "नारपोली?"

"हो मॅडम," ती म्हणाली. "तुम्हीपण?"

तो तास आम्ही दोघींनी मिळून घेतला. मी ओठ हलवायचे, ती मोठ्याने बोलायची आणि वर्ग लिहून घ्यायचा. एका ठिकाणी तिने "मॅडम, हे तुम्ही मागच्या आठवड्यात उलटं सांगितलं होतं" अशी स्वतःची भर घातली. ती बरोबर होती, पण माझा आवाज नसताना हे सांगणं म्हणजे जरा जास्तच झालं.

ज्यांनी यंत्रमागाचा कारखाना आतून बघितलेला नाही त्यांना सांगते. आत कान काही कामाचे नसतात. तिथे माणसं ओठांनी बोलतात, सावकाश आणि तोंड नीट उघडून, आणि हातांनी थोडी मदत करतात. कारखान्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सुनेबद्दल सगळं सविस्तर सांगू शकते, आवाज अजिबात न काढता. लहानपणी मी वडिलांचा डबा घेऊन जायचे तेव्हा आपोआप शिकले. माझ्या नवऱ्याने लग्नानंतर वर्षभरातच पुटपुटणं सोडलं, त्याचं कारण हेच.

पण या बोलण्यात एक अडचण आहे. ते कोणाला ऐकू जात नाही, पण सगळ्यांना दिसतं. त्यामुळे कारखान्यात एक रीत असते. दोघांचं खाजगी चाललंय असं दिसलं की तिसऱ्याने मान फिरवायची. आणि चुकून काही दिसलंच, तर उजवा तळहात खांद्याइतका वर करून दाखवायचा. म्हणजे, दिसलं बरं का, आता तुमचं तुम्ही बघा. बघून गप्प बसणं फार वाईट समजत. एका बाईने तसं केलं म्हणून तिच्याशी महिनोन् महिने कोणी बोललं नव्हतं, आणि तिथे न बोलणं म्हणजे नुसतं तोंड बंद ठेवणं नव्हे, तिच्या दिशेला बघणंच बंद. हे सगळं मी जवळजवळ विसरले होते. त्या शनिवारी मधल्या सुट्टीत मी पहिल्या बाकावरच्या पोरीला ओठांनीच विचारलं, "तळहात?" तिने हसत तळहात वर केला.

तिची आई वज्रेश्वरीच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. तिथे थोडी शेती होती, ती पावसापुरती. मग आई नारपोलीत कांड्या भरायला आली, म्हणजे लूमला लागणारं सूत छोट्या कांड्यांवर गुंडाळायच्या यंत्रावर. शाळा सुटली की ही पोरगी तिथे त्या यंत्राजवळ गोणपाटावर बसून अभ्यास करायची. "मॅडम, आई मला हाक मारायची ती ओठांनीच. मला माझं नाव ऐकण्यापेक्षा बघायचीच जास्त सवय," असं तिने सांगितलं होतं. आईला आता कमी ऐकू येतं. लूमवर आयुष्य काढलेल्या बऱ्याच जणांचं तसं होतं.

मला ती पोरगी आवडायची, हे सरळच सांगते. शिक्षकाने असं करू नये म्हणतात. म्हणू देत.

तिचा प्रश्न असा होता की डिग्री मिळणार, पुढे काय? आमच्या धंद्यात पहिला उंबरठा कोणीतरी आतला माणूस ओलांडून देतो. मामा, काका, वडिलांचे मित्र. तिचे सगळे मामा डोंगरात होते. मी माझ्या ओळखीच्या मोठ्या वकिलांना फोन केले. सगळे "बघू" म्हणाले. मी रागाने तिला म्हटलं, "मरू देत, माझ्याकडे ये."

ती म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे भाडेकरार आणि जामीन. मला तुम्ही शिकवता ते करायचंय."

लागलं मला. पण खरंच होतं.

त्याच वर्षी आमच्याकडे एक परिपत्रक आलं. कॉलेजांची वाटाघाटीची स्पर्धा. एक संघ विकणारा, एक परदेशी घेणारा, मध्ये बिघडलेला माल, आणि दोघांनी बोलून तोडगा काढायचा. सगळं ऑनलाइन, आपापल्या वर्गात बसून. आणि खाली बक्षीस: ज्या एका स्पर्धकाचं काम परीक्षकांना पसंत पडेल त्याला मुंबईतल्या लवादाच्या कार्यालयात वर्षभराची उमेदवारी, म्हणजे हाताखाली राहून शिकत काम. लवाद म्हणजे कोर्टाबाहेर व्यापाऱ्यांची भांडणं सोडवणारं मंडळ. देशोदेशीची भांडणं तिथे येतात. मी तो कागद तिच्यासमोर ठेवला. तिने तो वाचला, त्याची घडी केली आणि ती ओढणीच्या टोकात बांधली. कागद ओढणीत बांधणारी ती मी बघितलेली शेवटची मुलगी असावी.

त्या उमेदवारीसाठी तिने काय नाही केलं! शिफ्ट बदलून घेतली. गोदामात सुपरवायझरच्या जागेसाठी तिचं नाव पुढे आलं होतं, ती जागा निकालापर्यंत थांबेल का म्हणून साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, निकालापर्यंत, पुढे नाही. म्हणजे निकालानंतर एकतर ती मुंबईला जाणार होती, नाहीतर सुपरवायझर होऊन तिथेच राहणार होती. "सुपरवायझर झाले तर मग वकिली राहूनच जाईल, मॅडम," ती म्हणाली. तिच्याबरोबर संघात वर्गातली आणखी दोघं होती, चांगली, पण त्यांना हरलो तरी घरी जाऊन जेवायचं होतं.

पहिल्या फेऱ्या आम्ही जिंकलो. लॅपटॉपचं चित्र भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर घेतलेलं असायचं आणि मी मागच्या बाकावर बसायचे. नियम असा की शिक्षकांनी, नातेवाइकांनी मागे बसावं, पण तोंड उघडू नये आणि खाणाखुणा करू नयेत. मला तोंड न उघडता बसायला लावणं ही त्या स्पर्धेतली खरी अवघड गोष्ट होती. मी लिमलेटच्या गोळ्या आणून ठेवल्या होत्या.

अंतिम फेरीला तिची आई आली. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात पिशवी. "मॅडम, मी बसू का? मला काय समजत न्हाय, पन बसते," ती म्हणाली. मी म्हटलं, "ताई, बसा की. मला समजतं तरी मला बोलायची बंदी आहे. दोघी सारख्याच." तिने पिशवीतून नारळ काढून बाकाखाली ठेवला. घरी डोंगरात वाघ्या देवाला नवस बोलली होती. तो वर्गात का आणला, हे मी विचारलं नाही.

समोर दुसऱ्या शहरातलं कॉलेज होतं. त्यांच्या मागे काचेची कपाटं, त्यात पुस्तकं. आमच्या मागे उघडी खिडकी, मी, ताई आणि नारळ. आम्ही भिवंडीचे कापड विकणारे होतो. ते समुद्रापलीकडचे शर्ट शिवणारे. कापड भिजलेलं पोचलं होतं. त्यांना नवा माल हवा होता, आणि भांडण वाढलंच तर लवाद त्यांच्या गावात बसावा, असा त्यांचा हट्ट होता.

हा दुसरा मुद्दा माझ्या पोरीचा होता. तिने त्याच्यावर आठवडेच्या आठवडे घालवले होते. ज्याला सुनावणीला लांब जावं लागतं तो निम्मा आधीच हरतो, हे तिला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. डोंगरातली माणसं एका सहीसाठी तालुक्याला कशी खेपा घालतात, ते तिने बघितलेलं होतं. ती बोलायला लागली तेव्हा तिचं इंग्रजी थोडं अडखळत होतं, पण मुद्दा सुटत नव्हता. परीक्षकांपैकी मधले वयस्कर गृहस्थ चष्मा पुढे सरकवून ऐकू लागले. मला आनंदाने काहीतरी ओरडावंसं वाटलं. मी दोन गोळ्या एकदम तोंडात टाकल्या.

मग ठरल्याप्रमाणे थोडा वेळ मिळाला. दोन्ही संघांनी आवाज बंद करून आपसात बोलायचं. कॅमेरा मात्र चालूच ठेवायचा, म्हणजे बाहेरचं कोणी येऊन मदत करत नाही ना, हे दिसावं. नियम करणाऱ्यांपैकी कोणी नारपोलीचं नसावं.

समोरच्या संघातला नीटनेटक्या भांगाचा मुलगा मित्राकडे वळला आणि अगदी स्वच्छ मराठीत, तोंड छान उघडून म्हणाला, "लवाद कुठेही बसू दे रे. त्यांनी अजून थोडं ताणलं की देऊन टाकू. आपल्याला फक्त नवा माल लवकर हवाय."

माझा तळहात वर गेला.

मी तो वर केला नाही, तो गेला. आणि मी बघते तर पहिल्या खुर्चीवर माझ्या पोरीचा तळहात वर. आणि माझ्या शेजारी ताईंचाही. पडद्यावरच्या आमच्या छोट्या चौकटीत तीन तळहात, आणि मध्ये संघातली दोघं, या तिघींना झालं काय म्हणून मागेपुढे बघत बसलेली.

मधले परीक्षक म्हणाले, "भिवंडीकर, हे मतदान कशाचं चाललंय?" मग त्यांचा चेहरा बदलला. "मागच्या बाईंनी खूण केली का? खाणाखुणांना बंदी आहे, ठाऊक आहे ना?"

मी उठून उभी राहिले. बोलणार होतेच. पोरीने वळून माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बसले. माझ्या आयुष्यात मला असं कोणी बसवलेलं नाही, न्यायाधीशांनीसुद्धा.

ती इंग्रजीत सुरू झाली, मग मराठीवर आली. "सर, त्यांचं आत्ताचं बोलणं आम्हाला दिसलं. आमच्याकडे दिसलं तर हात वर करतात. मागच्यांनी मला काही सांगितलं नाही. त्यांनापण दिसलं."

"दिसलं म्हणजे? आवाज तर बंद होता."

"म्हणूनच दिसलं, सर."

परीक्षक एकमेकांकडे बघू लागले. मधल्यांनी स्वतःचा आवाज बंद केला, शेजाऱ्याकडे वळून काहीतरी बोलले आणि पुन्हा आवाज सुरू करून म्हणाले, "सांगा, मी काय बोललो?"

ती संकोचली. "सांगू, सर?"

"सांगा."

"तुम्ही म्हणालात, ही पोरगी थापा मारत असेल तर लगेच कळेल. आणि मग म्हणालात, चहा सांगून किती वेळ झाला, हे लोक चहा लावायला आसामला गेलेत का."

तिन्ही परीक्षक हसले. समोरचा भांगवाला मुलगा मात्र हसला नाही, त्याने हळूच तोंडावर फाइल धरली.

पण हसून भागणार नव्हतं. समोरच्यांचं गुपित फुटलं होतं, चूक कोणाचीच नसली तरी. परीक्षकांनी आपसात ठरवलं, या वेळी कॅमेऱ्याकडे पाठ करून, की लवाद कुठे बसावा हा मुद्दा आता फेरीतूनच काढून टाकायचा. उरलेल्यावर बोला.

म्हणजे तिचा मुद्दा गेला. जेवढं तिने जमवलं होतं ते सगळं त्या एका हातासरशी गेलं. तिने त्या मुद्द्याचे कागद टेबलावर पालथे घातले. मग उरलेल्या मुद्द्यांवर बोलली, नव्या मालावर, भिजलेल्या गाठी उघडून कोरड्या वेगळ्या काढण्यावर. ठीक बोलली. पण ते तिच्या दोघा साथीदारांनी तयार केलेलं होतं आणि तिला त्यात पाय रोवायला वेळ लागला. समोरचे तोंडावर फाइल धरून धरून सल्लामसलत करत होते आणि तरीही चांगलं बोलत होते. मला त्यांचा फार राग आला. त्यांचा काही दोष नव्हता, म्हणून तर जास्तच.

निकालाआधी चहाची सुट्टी झाली. मी भडकलेलीच होते. कोणावर, ते ठरत नव्हतं. तिला म्हटलं, "अगं, मान फिरवायचीस! हात कशाला वर करायचा? त्यांना कळलंही नसतं."

"हात आपोआप गेला, मॅडम."

"माझाही," मी म्हटलं.

ताईंना आमचं बोलणं दिसत होतं. त्या म्हणाल्या, "दिसला त सांगावाच लागतं, मॅडम. न्हाय त चोरी होते." मग लेकीकडे बघून म्हणाल्या, "सुपरवायझर हो. ते पन चांगलाच हाय." पोरगी "हो" म्हणाली आणि चहा प्यायली. तिने चहात साखर घातली नव्हती, हे तिच्या लक्षातही आलं नाही. मला रडू येत होतं आणि मी ते खोकल्यात घालवलं.

निकाल. मधल्या परीक्षकांनी आधी सगळ्यांचे आभार मानले, आमच्याकडे असं फार लांबवतात. मग सांगितलं की पहिलं कॉलेज समोरचं. समोर उड्या, आरोळ्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. आमची मुलं चांगली आहेत, त्यांनी मनापासून वाजवल्या. पोरीने टाळ्या वाजवल्या आणि मग खाली वाकून ती चार्जरच्या, माइकच्या वायरी काढायला लागली, म्हणजे ज्याच्या लॅपटॉपवर सगळं चाललं होतं त्याला उशीर नको. मी तिच्या पाठीकडे बघत होते. काय बोलायचं ते जुळवत होते. एरवी मला बोलण्यासाठी कधी काही जुळवावं लागत नाही.

मधल्या परीक्षकांच्या तिकडे दाराची घंटा वाजली. बहुतेक तो चहा. त्यांनी माइक आणि स्पीकर दोन्ही बंद केले, उठले, परत आले, दुसरा एक कागद उचलला आणि वाचू लागले. आवाज सुरू करायला विसरले. सगळ्या चौकटींतून लोक ओरडू लागले, "सर, म्यूट! सर, तुम्ही म्यूटवर आहात!" त्यांना ते ऐकू जात नव्हतं. ते आपले रंगात येऊन वाचत होते. मी पडद्याकडे बघतच नव्हते. आता आणखी कोणाचं काय बघायचं होतं?

तेवढ्यात माझ्या शेजारी ताईंचा तळहात वर गेला.

मला वाटलं, पुन्हा कोणाचं काहीतरी खाजगी. मी दबक्या आवाजात, म्हणजे माझ्या दबक्या आवाजात, म्हटलं, "ताई, पुरे आता. आता काय दिसलं?"

त्यांनी हात खाली घेतला नाही. त्यांचे डोळे पडद्यावरच होते.

"माझ्या पोरीचा नाव," त्या म्हणाल्या. "माझ्या पोरीचा नाव घेतला त्याने."

मी पडद्याकडे बघितलं तोवर ते पुढच्या वाक्यावर गेले होते. पण ते वाक्यही मला दिसलं. त्यात मुंबई होती, वर्षभर होतं आणि सोमवारपासून होतं. मी नियम वगैरे सगळं विसरून तिला हाक मारली, माझ्या नारपोलीच्या आवाजात. शेजारचा फौजदारी कायदा नक्की थांबला असणार. वायरी हातात घेऊन ती वळली. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या पलीकडे, तिच्या आईकडे बघत होती.

आईने आवाज न काढता, तोंड नीट उघडून, सावकाश तिच्याशी काहीतरी बोलायला सुरुवात केली. खिडकीखाली लूम चालू होते.

मी मान फिरवली.